पेन्सिलीनं वाढवलेली रेघ

धम्मपाल वाव्हळ गणित शिकवतो. अकरा वर्षं झाली, तरी कॉलेजच्या दारातल्या शिक्षकांच्या यादीत त्याचं नाव लागलेलं नाही, कारण तो तासिकेवरचा माणूस. जूनमध्ये अर्ज करायचा, जुलैत मुलाखत द्यायची, एप्रिलात घरी बसायचं. मुलाखत घेणारे तेच, देणारा तोच, विचारायचं तेही तेच. दरवर्षी फक्त चहा थोडा पातळ होत जातो.

राणीसावरगावचा हा गडी. बाप दत्तराव विहिरी फोडायचा. सुरुंगाची वात पेटवून वर पळत येणाऱ्या बापाच्या पोटी जन्मल्यामुळं असेल, पोराचं डोकंही तसंच, पेटायला वेळ लागत नाही. एम.एस्सी.ला पहिला वर्ग, सेट पहिल्या फटक्यात. एकदा गॅदरिंगच्या वेळी प्राचार्यांनी त्याला मंडपाचे खांब मोजायला पाठवलं. त्यानं मोजले आणि आकडा नोटीस बोर्डावर लावला. खाली सही केली: मोजणार, धम्मपाल वाव्हळ, एम.एस्सी., सेट. त्यानंतर खांब मोजायला त्याला कोणी सांगितलं नाही, पण पुढच्या जुलैत मुलाखतीला चार तास बाहेर बसवून ठेवलं. तो बसला. मान खाली घातली नाही, आणि उठूनही गेला नाही. बायको सुकेशनी म्हणायची, तुमचा ताठा बघून अनोळखी माणसाला वाटंल, परमनंट हाईत.

गेल्या वर्षी कॉलेजची विज्ञान शाखा पोरांअभावी बंद पडली. धम्मपालला वाटलं, आता आपलीही बैलगाडी सुटली. पण नव्या धोरणात कला शाखेच्या पोरांनी दुसऱ्या शाखेतला एक विषय घ्यायचा असं निघालं, आणि बाकीच्या विषयांच्या जागा भरल्यावर जी चौतीस पोरं उरली, ती याच्या वर्गात ढकलली गेली. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घेतलेली पोरं. बहुतेकांनी दहावीला गणितात पस्तीस मिळवून सुटकेचा श्वास सोडलेला. आणि पेपर कशाचा, तर कॅल्क्युलसचा.

पहिल्या आठवड्यात त्यानं पुस्तकाप्रमाणं शिकवलं. फळ्यावर लिमिट लिहिलं, बाण काढला, एक्स शून्याकडं जातो म्हणाला. मागच्या बाकावरच्या पंडितनं विचारलं, सर, ते एक्स शून्याकडं जाऊ द्या, आमाला बसस्टँडकडं जाऊ देता का. वर्ग हसला. धम्मपाल भडकला, खडू टाकला आणि स्वतःच वर्गाबाहेर गेला. घरी जाऊन दिवसभर तोंड फिरवून बसला. संध्याकाळी मात्र त्याच्या मनात आलं की पोरगं खोटं काय बोललं? एक्स कुठं जातो याच्याशी ह्या लेकरांचं काय देणंघेणं आहे?

दुसऱ्या दिवशी तो वर्तमानपत्र घेऊन वर्गात आला. ऑगस्ट महिना होता. येलदरीचं धरण भरत होतं आणि पाणी किती टक्के झालं ते रोज पेपरात यायचं. त्यानं फळ्यावर नुसते आकडे लिहिले. सोमवारी अठ्ठावन्न, मंगळवारी त्रेसष्ट, बुधवारी सहासष्ट, गुरुवारी सदुसष्ट. मग विचारलं, पाणी वाढायलंय का कमी व्हायलंय? सगळे म्हणाले, वाढायलंय. तो म्हणाला, झालं का मग, एवढंच दिसतंय का?

तिसऱ्या बाकावरची एक पोरगी, कधी न बोलणारी, बसल्या जागेवरून म्हणाली, "पाणी वाढायलंय सर, पण त्याचा जोर कमी व्हायलाय."

धम्मपालनं तिचं नाव विचारलं. पंकजा. तो म्हणाला, पंकजा, तू आत्ता जे बोललीस ना, ते लिहायला जगातल्या हुशार माणसांना शेकडो वर्षं लागली. पोरगी लाजून वहीत बघू लागली, पण त्या दिवसापासून वर्ग फिरला. डेरिव्हेटिव्हला तो चढ म्हणू लागला. चढ आहे तोवर वर जायचं, चढ संपला की माथा, माथ्यानंतर उतार. पोरांनी परभणीच्या बसचा वेग काढला, तव्यावरची भाकरी किती वेळात गार होते ते काढलं. पंडितनं आपल्या आजीच्या शेळीचं वजन दर रविवारी मोजून आलेख काढला आणि शेळी कधी विकावी ते आजीला सांगितलं. आजीनं त्याला हाकललं, ही गोष्ट वेगळी.

दिवाळी जवळ आली तशी वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली. ऊसतोड. डोंगरपट्ट्यातली गावं दिवाळीनंतर उठतात आणि कारखान्याच्या मुलखात जातात, ती होळीच्या पुढंमागं परत येतात. पंकजाही जाणार होती. धम्मपाल तिच्या गावाला, तिच्या घरी गेला. वडील रामकिशन सामान बांधत होते, आई झुंबरबाई दळण निवडत होती. धम्मपालनं सरळ सांगितलं, अकरा वर्षांत अशी डोक्याची पोरगी मला मिळाली न्हाई, हिला इथं ठेवा. रामकिशन म्हणाले, घराला कुलूप लागणार, जवान पोर कोणाच्या भरवशावर ठेवावी?

झुंबरबाईनं मात्र सुपातून मान वर केली. "सर, तिच्या हातात म्या कोयता देणार न्हाई. ती भाकरी टाकंल, टोळीतली दोन लेकरं संभाळंल. पेपराला म्या तिला पाठविते. तुमाला शब्द देते."

टोळीत माणसं मोजायची पद्धत धम्मपालला ठाऊक होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कोणी उभं करत नाही. या घरात एक कोयता पुरा होता, म्हणून पोरगी मोकळी होती. तो निश्चिंत होऊन परतला. पेपर जानेवारीच्या शेवटी होता.

पंकजा तिकडून फोनवर निरोप बोलून पाठवायची. अभ्यास चालू होता. एक दिवस तिनं कळवलं की ती आईच्या मोळ्या मोजायली आहे. बाप ऊस तोडतो, आई त्याचा पाला साळते आणि मोळी बांधते. दर तासाला किती मोळ्या झाल्या ते ही वहीत लिहिते. पहाटे पाचपासून सुरू. आकडे पंधरा दिवसांचे होते. धम्मपालनं ते कागदावर मांडले आणि टिंबं जोडली. स्वच्छ चढ, साडेसातला माथा, मग उतार, दुपारी बारानंतर अगदी घसरण. आणि मधला एक दिवस वेगळाच. त्या दिवशी शेतकऱ्याचं रस्त्यावरून भांडण लागलं आणि अख्खी टोळी दहा ते अकरा बांधावर बसून राहिली. तासभर बसूनही त्या दिवशीच्या मोळ्या नऊनं जास्त होत्या.

त्यानं पंकजाला फोन लावला आणि हे सांगितलं. तिनं वहीत ती बेरीज पुन्हा करून बघितली. मग म्हणाली, म्हंजे सर, आईला बसू दिलं तर जास्त काम व्हतंय? तो म्हणाला, व्हय, आणि हे तू सिद्ध केलंस. पलीकडून ती आईला ओरडून सांगताना ऐकू आली, आणि झुंबरबाईचं हसणंही. बसायला कोण देतंय बाई, असं काहीतरी ती म्हणाली.

डिसेंबरात कॉलेजात गणित दिन झाला. धम्मपालनं तो आलेख मोठ्या कार्डशीटवर काढला. लाल रेघ रोजच्या दिवसाची, निळी विसाव्याच्या दिवसाची. खाली ठळक लिहिलं: दहा वाजता तासभर विसावा दिला तर दिवसाचं काम वाढतं. त्याखाली पंकजाचं नाव. प्राचार्य आले, तक्त्याशेजारी उभं राहून फोटो काढला, तक्त्याकडं न बघता गेले. परमनंट मंडळी चहाला गेली. संस्थेच्या माणसांनी रांगोळीचं कौतुक केलं. दुपारपर्यंत धम्मपाल त्या तक्त्याशेजारी उभा होता आणि आतल्या आत शिजत होता.

तेव्हा रामहरी मुकादम आला. टोळ्या जमवून कारखान्याला नेणारा हाच, पंकजाची टोळीही याचीच. पुतणी कॉलेजात होती, गावात लग्न होतं म्हणून दोन दिवसांसाठी आलेला. पांढरा शर्ट, खिशात दोन फोन. धम्मपालला बघून आधी जय भीम सर म्हणाला आणि तक्त्यासमोर थांबला. बोट लाल रेघेवरून फिरवलं. ही कशाची रेघ हो सर?

धम्मपालनं सांगायला सुरुवात केली. सातवी नापास माणूस, पण पाच मिनिटांत त्याला चढ कळला, माथा कळला, रेघेखालची जागा म्हणजे दिवसाचं काम हेही कळलं. जे एकाही प्राध्यापकानं विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. साडेसातलाच माथा का? धम्मपाल म्हणाला, गारवा असतो, अंग ताजं असतं. रामहरीनं पाचच्या अलीकडची, कोरी जागा दाखवली. आणि सर, हिकडं काय असंल?

असा प्रश्न विचारणारा माणूस शिक्षकाला जन्मात दोनदा-तीनदा भेटतो. धम्मपालनं खिशातली पेन्सिल काढली. लाल रेघ पाचपासून मागं नेली, चारपर्यंत, तीनपर्यंत, आणि रेघेखालचा नवा तुकडा पेन्सिलीनं काळा केला. म्हणाला, असं सुरू केलं तर एवढं काम जास्तीचं. मग निळी रेघही समजावली, विसाव्याचं दोनदा सांगितलं. रामहरी मान हलवत होता. जाताना त्यानं तक्त्याचा फोटो काढला आणि धम्मपालचा हात हातात घेतला. तुमच्यासारखा सर आमाला शाळंत असता तर मी सातवीत अडकलो नसतो, असं म्हणाला.

त्या दिवशी घरी गेल्यावर धम्मपालनं सुकेशनीला हे सगळं दोनदा ऐकवलं. माझा खरा विद्यार्थी कोण निघाला बघ, म्हणाला. सुकेशनीनं एवढंच विचारलं की मुकादमाला ते कशाला पाहिजे होतं. तो चिडला. तुला काय कळतंय, म्हणाला.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पंकजाचा आवाज आला, बारीक, घाईतला. सर, आता तीनला उठवायलेत. मुकादम समद्यांला सांगायलाय, कॉलेजच्या सरानं हिशेब काढलाय, तीनला लागलं तर काम वाढतंय. विसाव्याचं कायच न्हाई सर.

धम्मपालनं तिथल्या तिथं रामहरीला फोन लावला. तोंडाला येईल ते बोलला. रामहरी शांत होता. "सर, म्या माझ्या डोक्यानं कायबी केलं न्हाई. तुमी पेन्सिलीनं दावलं, म्या केलं." विसाव्याचंही दावलं होतं, धम्मपाल ओरडला. ते जमंना सर, गाडी थांबत न्हाई, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

धम्मपालनं ठरवलं, तिथं जायचं, टोळीसमोर उभं राहून सांगायचं की रेघ चुकीची आहे. पण परीक्षेचे अर्ज तपासायचं काम तासिकेवाल्यांच्या गळ्यात होतं आणि सुट्टी मागितली तर जुलैत कोण उभं करणार? शनिवारी जाऊ, म्हणाला. गुरुवारीच पंकजाच्या चुलत भावाचा फोन आला. अंधारात, दवानं ओल्या झालेल्या फळीवरून गाडीत मोळी चढवताना झुंबरबाई घसरली. डोक्यावर मोळी तशीच. खुब्याचं हाड मोडलं.

तो रविवारी तिथं पोचला. पेपर मंगळवारी होता. खिशात पंकजाचं हॉलतिकीट होतं.

पाचटाच्या खोपीत झुंबरबाई पोत्यांवर पडून होती. पायाला दोरी बांधून तिला विटा लटकवलेल्या. त्याला बघून तिनं उठायचा प्रयत्न केला आणि चेहरा पिळवटला. शेजारी एक पिशवी होती, पंकजाचे दोन ड्रेस आणि वह्या भरून ठेवलेली. घेऊन जावा सर तिला, ती म्हणाली, म्या शब्द दिल्ता. तिनं हॉलतिकीट बघायला मागितलं, फोटोवरून अंगठा फिरवला आणि परत दिलं.

रामकिशन दुपारी फडातून आले. त्यांच्या मागून पंकजा. डोक्याला फडकं, बापाचा जुना शर्ट ड्रेसवर घातलेला, हातांवर उसाच्या पात्यांनी ओढलेले बारीक चरे. हातात कोयता. धम्मपालला काही विचारावं लागलं नाही. आई पडली, कोयता अर्धा झाला, आणि अर्धा पुरा करायला घरात एकच माणूस होतं.

तरी त्यानं रामकिशनला विचारलं, दोनच दिवसांचा प्रश्न आहे, बुधवारी तिला स्वतः आणून सोडतो. रामकिशन रागावले नाहीत. त्यांनी साधं विचारलं, "सर, तुमाला कोयता धरता येतो का?"

विहिरी फोडणाऱ्याच्या पोरानं मान खाली घातली. नाही म्हणाला.

"मंग पोरीला ठेवावं लागतंय. दोन दिस अर्धा ऱ्हायलो तर मुकादम तिसऱ्या दिशी दुसरी जोडी आणतोय."

पंकजानं त्याला पाणी दिलं आणि खोपीबाहेर बांधावर त्याच्याशेजारी बसली. तो रस्ताभर जुळवत आलेलं सगळं विसरला. एवढंच म्हणाला, "माझी चूक झाली, पंकजा."

"मोळ्या म्याच मोजल्या सर. आईच्या मोळ्या. मोजलेलं खोटं न्हाई." ती हाताचे चरे बघत होती. "पण तीनच्या मोळ्या म्या मोजल्याच नव्हत्या. तुमीच आमाला सांगितलं व्हतं ना, जिथं मोजलं न्हाई तिथं रेघ वढायची न्हाई. दोनदा लिहून घेतलं व्हतं. मंग तुमी का वढली?"

तो खोटं बोलू शकला असता. म्हणाला, "तो लय मन लावून ऐकत होता गं."

पंकजानं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यात राग असता तर त्याला सोसला असता.

"आमी चौतीस जण ऐकतच व्हतो की, सर."

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज आला. ती उठली, फडकं घट्ट बांधलं, आत आई जेवण वाढते आहे समजून खोपीकडं वळली आणि मग तिला आठवलं. स्वतःच चुलीजवळ गेली, दोन भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा पानावर घालून त्याच्यापुढं ठेवला. गाडी चारची असंल, खाऊन निघा, म्हणाली. आणि बापाच्या मागं फडात गेली. धम्मपालनं दोन्ही भाकरी खाल्ल्या, कारण पान सोडून उठायची त्याला लाज वाटली. आत झुंबरबाई विचारत होती, निघाली का पंकी? निघाली का?

मंगळवारी त्याची त्याच पेपराच्या खोलीत ड्युटी होती. ऊसतोडीला गेलेली बाकीची पोरं पेपरापुरती परत आली होती. सकाळी त्यानं पाकीट फोडलं, प्रश्नपत्रिका वाटल्या. पेपर त्यानंच काढलेला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सीलबंद करून दिलेला. चौथा प्रश्न उसाचा होता. एक बाई पहाटे पाचपासून दर तासाला इतक्या मोळ्या बांधते, आकडे दिले आहेत, आलेख काढा, कामाचा वेग सर्वात जास्त कधी ते सांगा. आकडे पंकजाचे जसेच्या तसे. तेव्हा त्याला वाटलं होतं, आपली आई पेपरात बघून पोरगी हसंल. चौतिसाव्या बाकावर त्यानं कोरी उत्तरपत्रिका उलटी ठेवली आणि अर्ध्या तासानं नियमाप्रमाणं उचलली. हजेरीच्या कागदावर गैरहजर लिहिलं.

बाहेर पडताना पंडितनं त्याला गाठलं. पोराचा चेहरा फुलला होता. सर, उसाचा प्रश्न लय सोपा व्हता, मी तर पहिला तोच सोडवला, म्हणाला. मग विचारलं, पंकजा का आली न्हाई? धम्मपाल म्हणाला, काम निघालं तिला.

पेपर त्यानं घरीच तपासले. सुकेशनीनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. तेहतीस उत्तरपत्रिका. बाकीच्या प्रश्नांना कोणी गडबडलं होतं, कोणी अर्धं सोडलं होतं. चौथा प्रश्न मात्र सगळ्यांनी सोडवला होता. कुणाची रेघ वाकडी, कुणी लाल पेननं काढलेली, कुणी माथ्यावर छोटा बाण करून वेळ लिहिली होती. साडेसात. एकाही पोरानं रेघ पाचच्या अलीकडं नेली नव्हती. प्रत्येकानं बरोबर पाचला, जिथं आकडे सुरू होतात तिथं, टिंब देऊन ती सुरू केली होती.

त्यानं प्रत्येकाला पाचापैकी पाच दिले.